मेहताजींचे कौशल्य आणि चढता आलेख

पत्राचा सारांश : बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एक भगिनी खासगी महाविद्यालयात कंत्राटी पद्धतीने वाणिज्य शिकवतात. गेल्या वर्षी त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. मार्गदर्शकांनी त्यांना ‘बदलत्या अर्थव्यवस्थेतील डिजिटल कौशल्यांविषयीच्या संशोधनाची वाढ’ हा विषय सुचवला आहे. आंतरराष्ट्रीय सूचीतून शोधनिबंधांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि कोणत्या वर्षी किती निबंध निघाले, कोणत्या देशांतून निघाले, कोण कोणाचा दाखला देतो, हे मोजायचे, असे कामाचे स्वरूप आहे. नोंदी उतरवल्यावर २०२० नंतर उभा चढलेला आलेख त्यांच्यासमोर आला आणि तो पाहून त्यांचा धीर सुटला. सहकारी सांगतात की विषयाचा चावून चोथा झाला आहे. भगिनींच्या मनात मात्र वेगळेच आहे. त्यांचे सख्खे काका मंगळ बाजारातील एका कापडाच्या पेढीवर ३४ वर्षे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, होते. जीएसटी आल्यावर पेढीने टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर येणारा मुलगा ठेवला आणि दोन वर्षांत काका घरी बसले. तरीही हिशेब जुळेनासा झाला की तोच मुलगा संध्याकाळी काकांकडे येतो. अशा माणसांवर लिहावे असे भगिनींना वाटते, पण मार्गदर्शक म्हणतात, “ती गोष्ट झाली, संशोधन नव्हे.” घरी दोन मुले आहेत आणि सासूबाईंचे आजारपण आहे. मार्गदर्शकांचा विषय घ्यावा, आपला धरावा, की नोंदणीच सोडून द्यावी, असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही प्रश्न तीन विचारले आहेत, पण तिन्ही प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत, असे मला वाटते. निबंधांचा आलेख चढला म्हणजे त्या विषयातले ज्ञानही तेवढेच चढले, ही ती समजूत. तुमचा धीर सुटला तो या समजुतीमुळे, आणि “विषय संपला” असे सहकारी म्हणतात तेही याच समजुतीमुळे. म्हणून कोणता विषय घ्यावा हे सांगण्याआधी त्या आलेखाकडे थोडे बारकाईने पाहू या.

आलेखात तुम्ही काय मोजले आहे? सूचीत ‘डिजिटल स्किल्स’ हे शब्द घातल्यावर ज्या नोंदी मिळाल्या, त्या तुम्ही मोजल्या. पण ही गोष्ट प्रत्येक काळात वेगवेगळ्या नावांनी ओळखली गेली आहे. आधी तिला संगणक साक्षरता म्हणत. १९९७ मध्ये पॉल गिल्स्टर यांच्यामुळे ‘डिजिटल लिटरसी’ हा शब्द रूढ झाला. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये या क्षमतांची चौकट प्रसिद्ध केली, तेव्हा ‘कॉम्पिटन्स’ हा शब्द पसंत केला. पाच विभाग आणि एकवीस क्षमतांची ही चौकट पुढे अनेकदा सुधारली गेली आणि युनेस्कोनेही २०१८ मध्ये तिच्यात भर घातली. काही देशांत अजूनही ‘आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) स्किल्स’ हाच शब्द चालतो. एकच शब्द घालून शोध घेतला, तर जुने काम जाळ्यात येत नाही आणि नवे तेवढे येते, त्यामुळे आलेख आहे त्यापेक्षा उभा दिसतो. शिवाय या वर्षांत सगळ्याच विषयांतील निबंधांची संख्या वाढली आहे. त्या एकूण संख्येने भागल्याशिवाय तुमच्या विषयाची खरी वाढ किती, हे कळणार नाही. ही दोन कामे करून आलेख पुन्हा काढा. त्याचा चढ कमी झालेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

आता २०२० नंतरच्या निबंधांविषयी. टाळेबंदीत शाळा आणि महाविद्यालये पडद्यावर गेली. या वर्षांतले अनेक अभ्यास मोबाईलवर दुवा पाठवून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उभे आहेत. दुवा उघडून तीस प्रश्नांचा अर्ज ज्याला भरता आला, त्यालाच “तुम्हाला डिजिटल साधने वापरता येतात का?” असे विचारले गेले. ज्याला दुवा उघडता आला नाही, तो मोजणीच्या बाहेरच राहिला. मी अनेक वर्षे सांख्यिकी शिकवली आहे, आणि निवडीतला हा दोष नमुना मोठा केल्याने भरून निघत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

त्याहून खोल अडचण विचारण्याच्या रीतीत आहे. “तुम्हाला येते का?” असे विचारणे वेगळे आणि “करून दाखवा” असे म्हणून शेजारी बसणे वेगळे. एस्टर हारगिटाई यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुम्ही अवश्य वाचा. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या एका काउंटीतील अवघ्या ५४ प्रौढांना त्यांनी संगणकासमोर बसवले, त्यांना काही माहिती शोधायला सांगितली, आणि कोणाला ती सापडते, किती वेळ लागतो, हे पाहिले. इंटरनेटची जोडणी असणे आणि त्याचा उपयोग करता येणे यांत केवढे अंतर असते, हे त्या छोट्या अभ्यासातून दिसले, आणि पुढच्या संशोधकांनी त्याचे दाखले सतत दिले. तुमच्या सूचीतही तो पुन्हा पुन्हा येईल.

नेदरलँड्समधील अलेक्झांडर व्हान डूर्सेन आणि यान व्हान डाइक यांनीही लोकांकडून प्रत्यक्ष कामे करून घेतली. त्यांनी कौशल्याचे थर पाडले : बटणे दाबणे आणि पाने उघडणे हे खालचे थर, तर माहिती शोधणे, पारखणे आणि ती वापरून आपला हेतू साधणे हे वरचे. खालच्या थरांत वयस्क माणसे मागे पडतात, हे अपेक्षितच होते. पण खालच्या थरातली ही अडचण हिशेबातून बाजूला काढली, तर वरच्या थरांत वयाचा परिणाम उलट दिशेने, म्हणजे वयस्कांच्या बाजूने झुकतो, असे त्यांना २०११ च्या सुमारास दिसले. हे वाचताना मला तुमच्या काकांची आठवण झाली.

आपल्या देशातही दोन्ही रीतींनी काम झाले आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत पाच वर्षांवरील १६.५ टक्के लोकांना संगणक चालवता येत होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. हे आकडे विचारून मिळवलेले आहेत. उलट ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना घरी जाऊन प्रत्यक्ष कामे दिली गेली : गजर लावा, एखादी माहिती शोधून काढा, नकाशावर रस्ता पाहा. मुली या कामांत मुलांपेक्षा मागे दिसल्या. पण त्याच पाहणीत असेही दिसले की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्केच होत्या. अंगी कौशल्य नाही असे जिथे वाटते, तिथे कधी कधी हाती साधन नसते, आणि नुसत्या प्रश्नावलीला हा फरक दिसत नाही.

तुमचा विषय अर्थव्यवस्थेशी जोडलेला आहे, म्हणून एक जुना वादही सांगते. १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले की कामावर संगणक वापरणाऱ्यांना इतरांपेक्षा सुमारे १० ते १५ टक्के अधिक वेतन मिळते. संगणक शिका, पगार वाढेल, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. चार वर्षांनी जॉन डिनार्डो आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी जर्मनीतील आकडेवारी तपासली. संगणक वापरणाऱ्यांना तिथेही जास्त वेतन होते. पण कामावर पेन्सिल वापरणाऱ्यांनाही जवळपास तेवढेच जास्त होते, आणि बसून काम करणाऱ्यांचीही तीच गत. पेन्सिल धरता येते म्हणून कोणी पगार वाढवून देत नाही. ज्या कामांना आधीच चांगले वेतन असते, त्या कामांत ही साधने असतात, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या यादीत “डिजिटल कौशल्याने उत्पन्न वाढते” असे सांगणारे जे निबंध असतील, त्यांतल्या प्रत्येकापुढे हा पेन्सिलीचा प्रश्न ठेवा. तो किती निबंधांना पेलतो हे नोंदवलेत, तरी तुमच्या प्रबंधाचे एक मोलाचे प्रकरण होईल.

आता काकांकडे वळते. तुमच्या पत्रातला जो प्रसंग वर सारांशात आला नाही, तो इथे सविस्तर मांडते, कारण सगळा विषय मला त्यात दिसतो. जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारे टू-बीचे पत्रक, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आणि पेढीची खरेदीवही जुळत नव्हती. एका बिलाची रक्कम दोन्हीकडे तीच होती, पण कराची वजावट अडकली होती. मुलगा दोन दिवस शोधून थकला आणि काकांकडे आला. काकांनी फोन हातात घेतलाही नाही. त्यांनी विचारले, “कर एकरकमी लागलाय की दोन भागांत?” पत्रकात तो एकरकमी होता आणि वहीत दोन भागांत. माल परराज्यातून आला तर कर एकरकमी लागतो, राज्यातल्या राज्यात असेल तर केंद्र आणि राज्य अशा दोन भागांत. मग काका म्हणाले, “त्या पार्टीच्या दोन गाद्या आहेत, एक सुरतेला, एक मुंबईला. बिल मुंबईच्या गादीचं आहे. नंबर सत्तावीसने सुरू होतो की चोवीसने, ते बघ.” बिलावरचा जीएसटी नंबर सत्तावीसने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा; गुजरातचा चोवीसने सुरू होतो. मुलाने सवयीने ते बिल सुरतेच्या खात्यावर चढवले होते.

मी इथे थांबून विचार केला : या प्रसंगात डिजिटल कौशल्य कोणाजवळ होते? प्रश्नावली भरून घेतली असती, तर मुलगा पहिल्या श्रेणीत आणि काका शेवटच्या श्रेणीत बसले असते. प्रत्यक्षात चूक सापडली ती दोघांच्या मिळून ज्ञानामुळे. पोर्टल उघडणे, पत्रक उतरवणे, रांगा लावणे हे मुलाला येते. आकड्यामागची पेढी, तिची माणसे आणि तिची रीत काकांना ठाऊक आहे. पगार मात्र एकालाच मिळतो. “काकांजवळ कौशल्य नव्हते म्हणून नोकरी गेली” असे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून गेला आहात. त्या ओळीबद्दल मला शंका आहे. खालच्या थराचे कौशल्य त्यांच्याजवळ नव्हते, हे खरे. पण ते शिकवायला किती दिवस लागले असते, आणि पेढीने शिकवण्याऐवजी माणूस का बदलला, हे प्रश्न काकांच्या कौशल्याविषयीचे नसून पेढीच्या निर्णयाविषयीचे आहेत. तुमच्या सूचीतल्या निबंधांत हे प्रश्न किती जणांनी विचारले आहेत, ते पाहाल का?

अशा वेळी मोजणीचे एकक काय धरले, यावर उत्तर किती बदलते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रे आणि ऑस्बोर्न या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के नोकऱ्यांना यंत्रांमुळे मोठा धोका आहे असे म्हटले. २०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात तोच आकडा ९ टक्के आला. पहिल्यांनी संपूर्ण व्यवसाय हे एकक धरले होते, तर दुसऱ्यांनी एकेका व्यवसायातील निरनिराळी कामे सुटी करून पाहिली होती. ‘मेहताजी’ हा व्यवसाय संपला असे म्हणता येईल, पण मेहताजींच्या कामांपैकी कोणती संपली, कोणती मुलाकडे गेली आणि कोणती अजून संध्याकाळी दांडिया बाजारात बिनपगारी चालू आहेत, हे एकेक काम सुटे केल्याशिवाय कळणार नाही. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्याखाली एक पेढी होती आणि दिवाळीला तिथल्या चोपडापूजनाला आम्हा मुलांना बोलावत. कुंकवाने स्वस्तिक काढलेले ते लाल चोपडे आणि मांडी घालून बसलेले मेहताजी मला आजही दिसतात. त्या माणसांना काय येत होते, याची नोंद कोणीतरी वेळेवर करायला हवी.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांविषयी माझे मत असे आहे.

मार्गदर्शक चुकीचे नाहीत. ग्रंथमिती, म्हणजे निबंधांच्या नोंदी आणि दाखले मोजणे, ही शिस्तीची पद्धत आहे, तिला घराबाहेर फिरावे लागत नाही, आणि तुमच्या घरच्या परिस्थितीत ते मोठे सोयीचे आहे. पण केवळ मोजणीवर प्रबंध उभा केला, तर तो तयार होईपर्यंत शिळा होण्याचा धोका आहे, कारण तीच मोजणी दुसरा कोणीही महिन्याभरात करू शकतो. आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी-गुजरातीतले लेखन जवळजवळ येतच नाही, ही मर्यादाही तुम्हाला मान्य करावी लागेल. दुसरीकडे, काकांवर आत्मीयतेने लिहिले, तर मार्गदर्शकांचा आक्षेप खरा ठरेल. एका माणसाची हकीकत कितीही बोलकी असली, तरी ती इतरांना लागू होते की नाही, हे ती स्वतः सांगू शकत नाही.

दोन्ही जोडा. पहिल्या भागात ग्रंथमिती करा, पण तिला एक नेमका प्रश्न द्या : या निबंधांपैकी किती जणांनी कौशल्य विचारून मोजले आणि किती जणांनी करून घेऊन? शंभर-दोनशे निबंधांचे सारांश स्वतः वाचून हे वर्गीकरण करावे लागेल, ते कोणतेही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी भरवशाने करणार नाही. दुसऱ्या भागात बडोद्याच्या बाजारपेठेतील हिशेब लिहिणारी पंचवीस-तीस माणसे घ्या. काही जुनी असावीत, काही नवी, आणि काही दोन्ही काळ पाहिलेली. प्रत्येकाला तीच चार-पाच कामे द्या : न जुळणारे एक बिल शोधणे, चुकीचा नंबर ओळखणे, मालवाहतुकीचे ई-वे बिल ऑनलाइन भरणे, पासवर्ड विसरल्यावर मार्ग काढणे. शेजारी बसून पाहा, वेळ टिपा, कोणाची मदत घेतली ते टिपा. हारगिटाईंना ५४ माणसे पुरली होती. मार्गदर्शकांकडे जाताना तुमची गोष्ट घेऊन जाऊ नका, त्यांच्यापुढे हा आराखडा दोन पानांत मांडा. “गोष्ट” आणि “संशोधन” यांतले अंतर तुलना, समान कामे आणि नोंदीची ठरलेली पद्धत यांनी भरून निघते, आणि हे त्यांना पटण्याची शक्यता मला बरीच वाटते.

मग या विषयात नवे सांगण्यासारखे कुठे उरले आहे, असे तुम्हाला वाटेल. एक जागा सांगते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. शाळेत आलेली अक्षरे वाचनाशिवाय टिकत नाहीत, हे त्यामागे होते. आपल्या काळात पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने २०१७ ते २०२४ या काळात वीस तासांचे प्रशिक्षण दिले, सहा कोटी ग्रामीण घरांतील प्रत्येकी एका माणसाला, असे त्याचे उद्दिष्ट होते. ते वीस तास तीन वर्षांनी कोणाच्या हातात टिकले आणि कोणाच्या निसटले? तुमच्या अभ्यासात हा प्रश्न शहरी रूपात घेता येईल : जीएसटी आल्यावर, म्हणजे जुलै २०१७ नंतर, ज्यांनी घाईघाईने संगणकावरील हिशेबाचे वर्ग केले, त्यांतले आज कोण ते काम करतात?

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते, त्या याच वळणावर उभ्या असलेल्या इतरांनाही उपयोगी पडतील. महाविद्यालयाकडे स्कोपस या शोधनिबंधांच्या सशुल्क सूचीची वर्गणी नसेल, तर ओपनॲलेक्स ही सूची विनामूल्य आहे. दाखल्यांचे नकाशे काढणारे व्हॉसव्ह्यूअर हे लायडन विद्यापीठातून आलेले सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे आणि ते आठवड्याभरात शिकता येते. तुम्हाला स्वतःला ही कौशल्ये येत नाहीत, याचा संकोच वाटतो असे तुम्ही लिहिले आहे, पण ती शिकताना कुठे अडलात याची रोजनिशी ठेवा, प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात ती कामाला येईल. आपल्याच गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर आधीचे प्रबंध पाहून घ्या, म्हणजे तोच विषय पुन्हा होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षे मिळतात, विद्यापीठ त्यात दोन वर्षांची वाढ देऊ शकते, आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आणण्याची देशभराची सक्तीही त्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, हे मात्र कार्यालयात लेखी विचारून घ्या. म्हणजे सासूबाईंच्या आजारपणाचे हे वर्ष नुसते वाचनात गेले, तरी काही बिघडत नाही, आणि नोंदणी सोडण्याचा निर्णय निदान त्या कारणासाठी आज घ्यायला नको.

ज्यांना भेटाल, त्यांची लेखी संमती घ्या. पेढ्यांची नावे आणि नंबर प्रबंधात येऊ देऊ नका, हिशेबाच्या माणसाचा धंदा विश्वासावर चालतो. बोलणी गुजराती, मराठी, ज्या भाषेत होतील त्या भाषेतच उतरवून ठेवा आणि इंग्रजी नंतर करा, नाहीतर ‘गादी’ आणि ‘पार्टी’ यांसारखे शब्द भाषांतरात हरवतील. काकांना मात्र तुमच्या तीस जणांत धरू नका, कारण ते तुमचे आहेत आणि तुमची नजर त्यांच्याविषयी तटस्थ राहणार नाही. त्यांच्याकडे दुसरे काम द्या. पाच कामांची यादी तयार झाली की ती छापून एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, “काका, ज्याला खरंच हिशेब येतो, त्याला यातलं काय यायला पाहिजे, आणि मी काय विसरले?” ते जे खोडतील आणि जे वाढवतील, ते तारीख घालून जपून ठेवा.